पिवळ्या उजेडातली मुलगी

मेइनोंग
१२ ऑक्टोबर २००४

यू-थाओ,

खुशाली नंतर विचारते, आधी काम सांगते. फोनच करणार होते, पण माझा डावा कान आता पुरता कामातून गेलाय. शिवाय तू दुकानातून ओरडून बोललीस की तुझ्याकडे शेवया खायला बसलेलं सगळं गिऱ्हाईक आपलं बोलणं ऐकतं, आणि हे बोलणं चारचौघांत करण्यासारखं नाही.

शाओ-थांगने मुलगी ठरवली आहे. भाऊ-वहिनी गेल्यावर हा पोर माझ्याकडे आला तेव्हा त्याला सदऱ्याची बटणंही नीट लावता येत नव्हती, तुला आठवत असेल. आता अडतिशीचा झाला. शेतकरी संघाच्या कचेरीत जातो, घरी येतो, माझ्या गोळ्या डबीत लावून ठेवतो. मी गेल्यावर या घरात तो एकटा बसून जेवतोय, हे चित्र मला झोपू देत नाही. तेव्हा मुलगी ठरवली म्हटल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं.

मुलीचं नाव पेंग सू-वेइ. आपल्यासारखीच हाक्का, आपलीच बोली बोलणारी, तुझ्याच चूतुंगची. तुझ्या दुकानासमोरच्या त्या संगणकाच्या चिपच्या कारखान्यात कामाला आहे. मी विचारलं, "काय करते तिथे?" तर म्हणाला, "आत्या, ती पिवळ्या उजेडात असते."

बाई गं, मी मुळा चिरत होते, तो तसाच राहिला. पिवळी पुस्तकं कशाला म्हणतात, पिवळे सिनेमे कशाला म्हणतात, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. पिवळ्या उजेडातली मुलगी म्हणजे काय समजायचं? मी तोंडावर विचारलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. म्हणाला, "तसलं काही नाही आत्या. त्या विभागाचं नावच पिवळा उजेड आहे." मग करते काय, विचारलं तर, "सगळं सांगता येत नाही तिला. कंपनीने लिहून घेतलंय."

फोटो दाखवला. ओठाला रंग नाही, गालाला पावडर नाही आणि दोन्ही गालांवर लाल वळ. कसले, तर तोंडावर बांधतात त्या फडक्याचे. महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. म्हणजे बघ, पिवळा उजेड, रात्रीचं काम, झाकलेलं तोंड, आणि बाहेर बोलायचं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

तू चौकशी कर. तुझं दुकान त्यांच्या दारातच आहे. शाओ-थांग माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही आणि माझा शब्द तुझ्या शब्दावर. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर विषय संपला.

तुझी,
चिन-लान

मागाहून सुचलं: देवळापाशी एक जण 'नॅनो' पांघरुणं विकायला आला होता. गुडघेदुखी पळते म्हणाला. घेतलंय. गुडघे होते तसेच आहेत.


चूतुंग
२४ ऑक्टोबर २००४

चिन-लान,

मुलगी सापडली. अगं, ती तर माझ्याकडे दोन वर्षं जेवायला येतेय, फक्त नाव मला माहीत नव्हतं. रुंद शेवयांचा वाडगा घेते, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते, गर्दी असली तर आपला वाडगा आपण उचलून ठेवते. एरवी मी म्हटलं असतं गुणी आहे. पण तुझं पत्र वाचल्यापासून मी तिच्याकडे नीट बघायला लागले आणि मलाही खटकायला लागलं.

जेवण झालं की ती भांडंभर पाणी पिते, चुळा भरते, मग ओला हात बाह्यांवरून, खांद्यांवरून फिरवते. एकदा नाही, दोनदोनदा. काहीतरी पुसून टाकायचं असल्यासारखं. अत्तर नाही, पावडर नाही. बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी बाईमाणूस इतकं कोरं राहतं ते का?

त्याच कारखान्यातला एक पोरगा रोज माझ्याकडून डुकराच्या मांसाचे गोळे घालून सूप नेतो. त्याला मी सहज विचारल्यासारखं केलं, "काय रे, तुमच्याकडे पिवळा उजेड म्हणतात तो काय असतो?" तो हसायला लागला. म्हणाला, "काकू, तिथे माणूस एकदा गेला की त्याचं लग्न मोडलंच म्हणून समजा." हसत म्हणाला, पण म्हणाला.

एवढ्यावर मी मत देणार नाही. युंग-लाइला मागावर सोडते. माझा मुलगा तुला आठवतो ना? आता छत्तिशीचा. स्कूटर दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय, पण बाई समोर आली की अजून तोंडाला कुलूप. मागून जायचं काम त्याला जमेल, त्यात बोलावं लागत नाही.

यू-थाओ


मेइनोंग
४ नोव्हेंबर २००४

यू-थाओ,

लग्न मोडलंच म्हणून समजा? हे वाक्य मी चार वेळा वाचलं.

शाओ-थांगला मी पुन्हा छेडलं. म्हणाला, "आत्या, ते लोक रेघा काढतात. फार बारीक रेघा." मी म्हटलं, रेघा काढायला शाळेतली पोरं पुरतील, त्यासाठी मुलींना तोंड झाकून रात्री कशाला कोंडतात? आणि रेघाच काढायच्या तर उजेड पिवळा का, चांगला पांढरा का नाही? तर म्हणे, "पांढऱ्या उजेडात सगळं बिघडतं." बिघडणारच. पांढऱ्या उजेडात सगळ्यांना सगळं दिसतं.

तो खोटं बोलत नाहीये, हे मला कळतं. लहानपणापासून खोटं बोलला की कानाची पाळी ओढतो, ती ओढली नाही. म्हणजे त्यालाच कोणीतरी फसवत असणार. इतका सरळ माणूस फसवायला काय लागतं?

युंग-लाइला काय दिसलं ते लवकर कळव. मुलगी फेब्रुवारीतल्या आपल्या नवीन वर्षाआधी इकडे येऊन मला रीतीचा चहा देते म्हणतेय. त्याआधी माझं मन एका बाजूला व्हायला हवं.

चिन-लान


चूतुंग
२९ नोव्हेंबर २००४

चिन-लान,

पत्राला उशीर झाला. दुकानात गर्दी, म्हाताऱ्याची कंबर धरलेली, शिवाय युंग-लाइचं काय काय. आजकाल केस विंचरून बाहेर पडतो. रविवारी स्कूटरचं दुकान बंद ठेवून माझ्या हाताखाली कोथिंबीर निवडायला बसतो. छत्तीस वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं.

आधी तुझ्या पांघरुणाचं. तुला बनवलं गं त्याने. नॅनो ही काही जादूची पूड नाही, ते नुसतं माप आहे, इंचासारखं. एक मिलिमीटर घे, त्याचे दहा लाख भाग कर, त्यातला एक भाग. त्या मापाचं खरोखर काही घडवायचं तर हवासुद्धा गाळून घ्यावी लागते, माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पिशवीत घालावं लागतं, कारण आपल्या कातडीचा कोंडासुद्धा तिथे दगडासारखा पडतो. देवळासमोर धुळीत चटई पसरून असला माल विकता येत नाही. पैसे परत माग.

आता मुलीचं. पाहिलं, विचारलं, बोलले. सगळंच पत्रात लिहिता येत नाही. पिवळ्याबद्दल तू जे समजलीस त्यावर मी काय बोलू, तू माझ्याइतकीच शहाणी आहेस. एवढंच सांगते, ती इकडची मुलगी आहे, तिचं सगळं या कारखान्यात अडकलंय. तुझ्या घरात ती मावायची नाही. शाओ-थांग सोन्यासारखा पोरगा, त्याला दुसरी मिळेल.

माझं ऐकशील तर सोडून दे.

यू-थाओ


मेइनोंग
८ डिसेंबर २००४

यू-थाओ,

सोडलं. रविवारी जेवणं झाल्यावर त्याला सांगितलं. मला वाटलं होतं भांडेल, निदान एकदा तरी आवाज चढवेल. तो म्हणाला, "बरं आत्या," आणि भांडी घासायला उठला. त्याने तिला पत्र टाकलं असावं. मी विचारलं नाही.

तेव्हापासून घरात सगळं पूर्वीसारखं चाललंय. कचेरीत जातो, येतो, माझ्या गोळ्या लावतो. फक्त माझ्याकडे बघून बोलत नाही, डबीकडे बघून बोलतो. मी त्याला एका संकटातून सोडवलं, असं स्वतःला सांगते, पण ते मला पटत नाहीये. चुलतवहिनीने विचारलं, का मोडलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं की मुलगी पिवळ्यातली निघाली. आता सगळ्या गल्लीला कळलंय. ते मी करायला नको होतं.

तू माझ्यासाठी इतकी खटपट केलीस म्हणून वाळवलेल्या मुळ्याची बरणी पाठवते आहे. सूपात घाल.

एकच विचारायचं राहिलं. तू शाळेत गणिताच्या तासाला माझ्या वहीतून उतरवून घ्यायचीस. मिलिमीटरचे दहा लाख भाग तुला कोणी शिकवले?

चिन-लान


चूतुंग
१९ डिसेंबर २००४

आदरणीय आत्याबाई,

आपली भेट झालेली नाही, आणि आता होणारही नाही, असं दिसतं. तरीही लिहिते आहे. शाओ-थांगचं पत्र आलं. चार ओळींचं आहे. "आत्याला तुझं काम पसंत नाही, तिला दुखवून मी सुखी होणार नाही." मी त्याला दोष देत नाही. पण माझ्या कामात नेमकं काय खुपलं, ते कळत नाही, आणि न कळलेली चूक तशीच सोडून द्यायची मला सवय नाही. कारखान्यात माझं कामच ते आहे. प्रत्येक चकतीवर मी आधी संशय घेते, मग तपासते.

यू-थाओ मावशींनी तुम्हाला सगळं लिहिलं असेलच. त्यांनीच मला सांगितलं की तुम्ही त्यांच्या बालमैत्रीण, आणि तुमच्या शंका त्या पत्राने दूर करतील. मी त्यांना नोव्हेंबरच्या मध्यात गावातल्या प्रदर्शनात घेऊन गेले होते. तिथे आमच्यासारखी एक खोली उभारली आहे, काचेतून बघता येते. मावशी बराच वेळ काचेला नाक लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढंच होय? हा तर फोटो धुवायचा दिवा झाला." अगदी बरोबर बोलल्या त्या. तरी माझ्या शब्दांतही एकदा सांगते. जे सगळ्या पुस्तकांत छापलेलं आहे तेवढंच सांगते, कंपनीचं गुपित त्यात नाही.

वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनची एक चकती असते. जेवणाच्या ताटाएवढी, आरशासारखी गुळगुळीत. तिच्यावर आम्ही एक पातळ लेप ओततो आणि चकती गरगर फिरवतो, म्हणजे लेप सगळीकडे सारखा बसतो. हा लेप उजेडाला हळवा असतो. नक्षी कोरलेल्या काचेतून त्याच्यावर एक खास किरण सोडतात. भिंगातून जाताना ती नक्षी चौपट लहान होऊन चकतीवर पडते. जिथे किरण लागला तिथला लेप धुऊन निघतो, उरलेला राहतो. मग उघड्या पडलेल्या जागी कोरायचं किंवा धातू भरायचा. पुन्हा लेप, पुन्हा किरण. थरावर थर चढवत एक चकती पुरी व्हायला दोन-अडीच महिने लागतात. शाओ-थांगने तुम्हाला रेघा म्हणून सांगितलं, त्या या. तुमच्या डोक्यावरचा एक केस घेतला तर त्याच्या रुंदीत अशा शेकडो रेघा शेजारी-शेजारी बसतात.

साध्या पांढऱ्या उजेडात निळा-जांभळा भाग असतो. तो लागला की लेप आधीच खराब होतो. म्हणून आमच्या विभागात तो भाग गाळलेले दिवे लावतात. गाळल्यावर जे उरतं ते पिवळं दिसतं. म्हणून आम्ही सगळे त्याला पिवळा उजेड म्हणतो, बायका, पुरुष, साहेब, सगळे. त्या नावावरून होणाऱ्या सगळ्या चेष्टा मी ऐकल्या आहेत. आमच्याकडे कामाचे तास इतके लांबतात की तिथे गेलेल्याचं लग्न मोडतं, ही त्यातली सर्वांत जुनी.

पावडर, अत्तर, ओठांचा रंग आत चालत नाही, कारण त्याचा कण रेघेवर पडला तर ती चिप गेली. जेवल्यावर पाणी पिऊन चूळ भरायची, बाह्यांवरची धूळ ओल्या हाताने टिपायची, हेही त्यासाठीच. म्हणून मी फोटोत अशी दिसते. गालांवरचे वळ चष्म्याचे आणि मुखपट्टीचे. सुटीच्या दिवशी जातात.

या एवढ्या खटाटोपातून काय निघतं, असंही तुम्ही विचाराल. तुमच्या घरात शोधा. शाओ-थांगचा मोबाईल, कचेरीतला संगणक, गाडी धडकली की फुगणाऱ्या पिशवीला हुकूम देणारा तुकडा. तो सांगत होता की तुम्ही रोज सकाळी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघता. त्या यंत्रातही अशाच रीतीने कोरलेला सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. पट्ट्यातल्या हवेने तो किंचित वाकतो आणि त्या वाकण्यावरून आकडा येतो. तो आमच्याकडे बनत नाही, पण हात आमच्यासारख्याच कोणाचे तरी असतील.

आता हे सगळं ठाऊक असूनही तुमचा नकार असेल, तर एकच कारण मला सुचतं. तुम्हाला वाटत असेल, मी शाओ-थांगला घरापासून तोडून इकडे आणीन. तसं नाही. तुमच्या बाजूला, ताइनानच्या नव्या कारखान्यात मी बदली मागितली आहे. तिथून मेइनोंग गाडीने तासाभरावर. ही बातमी मी यू-थाओ मावशींना सगळ्यांच्या आधी, प्रदर्शनाच्या दिवशीच सांगितली. त्यांनी लगेच दुसरा विषय काढला. त्यांना माझी सवय झाली आहे. दर रविवारी जेवायला बोलावतात, स्वतः वाढतात. त्यांचा मुलगा माझी स्कूटर तीनदा दुरुस्त करून देऊनही पैसे घेत नाही. इतकी माया करणाऱ्या बाईची मैत्रीण मला न बघता नको म्हणते, ते मला समजत नाही.

एकदा बघा मला. मग नको म्हणा.

पेंग सू-वेइ


मेइनोंग
२७ डिसेंबर २००४

यू-थाओ,

मुलीचं पत्र आलं. मिलिमीटरचे दहा लाख भाग तुला कोणी शिकवले, ते कळलं.

तुझी सगळी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. धडधडीत खोटं तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस, ते मान्य करायला हवं. काचेला नाक लावून तू तो दिवा पाहिलास आणि मग मला लिहिलंस, पिवळ्याबद्दल मी काय बोलू. ताइनानच्या बदलीचं ऐकलंस आणि लिहिलंस, तिचं सगळं या कारखान्यात अडकलंय. मी पांघरुणात फसले तर तुला एवढा कळवळा आला, आणि मला सून नाकारायला लावताना तुझा हात थांबला नाही. रविवारची जेवणं कोणासाठी चालली होती, हे ती मुलगी पाहू शकली नाही, कारण ती स्वतः चांगल्या मनाची आहे. मी आता पाहू शकते.

मी रागावले आहे का? हो. तू माझी सगळ्यांत जुनी मैत्रीण आहेस म्हणून जास्तच. आणि स्वतःवरही, कारण मला वाईट ऐकायचंच होतं आणि तू ते आयतं पुरवलंस.

शाओ-थांगला मी तिचं पत्र दिलं आणि सांगितलं, चूक माझी आहे. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, डबीकडे नाही. जेवायला थांबला नाही, पिशवी घेतली आणि बस धरली. मला न विचारता घरातून बाहेर पडण्याची त्याची ही पहिली वेळ, आणि मला इतकं बरं वाटलं की मी दार लावायचं विसरले. काल परत आला. साखरपुडा फेब्रुवारीत, आपल्या नवीन वर्षानंतरच्या पहिल्या चांगल्या दिवशी आहे.

मध्यस्थ म्हणून तू बसायचंस. नवरा हयात, पोटी मुलगा, दोन्हीकडच्यांना ओळखणारी, अशी बाई लागते. तू सगळ्यांत बसतेस. मुलगी गोड चहाचं तबक घेऊन आली की मध्यस्थीण तिच्याबद्दल चार शब्द बोलते, तुला ठाऊक आहेच. ते चार शब्द तू मोठ्याने बोलायचेस. चुलतवहिनी असेल, सगळी गल्ली असेल. पिवळा उजेड म्हणजे काय, ते त्यांना समजेल असं नीट सांगायचंस. मी सांगितलं तर कोणी ऐकणार नाही. मी पाहिलेलं नाही, तू पाहिलं आहेस.

मध्यस्थाला द्यायचा डुकराचा पाय मी खाटकाला आत्ताच सांगून ठेवला आहे. चांगला मोठा सांगितलाय.

चिन-लान


चूतुंग
५ जानेवारी २००५

चिन-लान,

येते. बोलते. चार नाही, हवे तेवढे शब्द बोलते.

सारवासारव करत नाही. तो पोरगा कोथिंबीर निवडायला बसायला लागला आणि माझी बुद्धी फिरली, एवढंच. वाटलं, शाओ-थांग दिसायला बरा, शिकलेला, त्याला कुठेही मिळेल. माझ्याकडच्या या मुक्याला कोण आहे? एक मुलगी त्याच्यासमोर बसून जेवते आणि तो पळून जात नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. तुझ्या जागी कोणीही असतं तरी मी हेच केलं असतं. तू होतीस, याची लाज वाटते.

युंग-लाइला सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी काल सांगितलं की तिचा साखरपुडा आहे आणि मध्यस्थ मी आहे. तो हातातलं काम करत राहिला. मग म्हणाला, "शाओ-थांगशी ना? मला पहिल्या रविवारपासून माहीत आहे. तू स्वयंपाकघरात गेलीस की ती त्याच्याबद्दलच बोलायची. माझ्याशी दुसरं काही बोलतच नव्हती."

मी म्हटलं, मग तू केस का विंचरत होतास, दुकान का बंद ठेवत होतास?

म्हणाला, "आई, तू इतकी खूश होतीस. रोज नवीन काहीतरी रांधत होतीस. मी काय म्हणणार होतो?"

साखरपुड्याला तोच मला गाडीने घेऊन येणार आहे.

यू-थाओ